खोटं धरून बघणं

कळंबोलीच्या एका मराठी शाळेत मी लागले तेव्हा माझी नेमणूक तात्पुरती होती आणि बी.एड.ची शाई अजून वाळली नव्हती. मराठी आणि इतिहास हे माझे विषय, शिवाय नववीच्या एका तुकडीची मी वर्गशिक्षिका. शाळेमागच्या रस्त्यानं लोखंड भरलेले ट्रेलर जायचे. एखादा गेला की तावदानं थरथरायची, आणि आवाज ओसरेपर्यंत मला वाक्य अर्ध्यावर सोडून उभं राहावं लागायचं.

पहिल्या चाचणीचे पेपर वाटताना मी एका नापास मुलाला सहज म्हटलं, "नीट अभ्यास कर रे."

"म्हणजे काय करू, बाई?"

तो उद्धटपणे बोलत नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

"वाच. लिहून काढ."

"ते करतो की. मग?"

मी पुढचा पेपर उचलला. घरी जाताना बसमध्येही तो 'मग' डोक्यात. आम्ही सगळे शिक्षक रोज सांगत होतो, अभ्यास करा. कसा, ते कुणीच सांगत नव्हतं. आणि मुलं जे काही शिकत होती ते कसं शिकत होती, हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नव्हतं.

मी मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. शनिवारचा कार्यानुभवाचा तास मी मागितला.

"आणि सुतळीच्या पिशव्या कोण विणणार?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मुलांना आपण कसे शिकतो हे ओळखायला आणि शब्दांत सांगायला शिकवायचंय. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "सहामाहीपर्यंत करून बघा," त्या म्हणाल्या. "गोंधळ झाला तर मी तुम्हाला विचारेन."

पहिले दोन शनिवार फुकट गेले. "तुला जे चांगलं येतं ते तू कसं शिकलास?" असं विचारलं की एकच उत्तर यायचं, पाठ केलं. मग मी पुस्तकं दप्तरात ठेवायला लावली आणि शाळेबाहेरचं विचारलं. तेव्हा वर्ग हलला. एकजण मोठ्या माणसांची सायकल दांड्याखालून पाय घालून चालवायला शिकला होता. एका मुलाचे वडील ट्रक चालवायचे. येणारी गाडी भरलेली आहे की रिकामी, हे तो न बघता सांगायचा.

"कसं ओळखतोस?"

"रिकामी गाडी बडबडते, बाई. भरलेली गप्प जाते, पण जमीन हलवते."

"मग यात तू काय केलंस?"

"दोन आवाज शेजारी शेजारी ठेवले," तो म्हणाला.

मी ते फळ्यावर लिहिलं. शेजारी ठेवून बघणं. मुलंच नावं देऊ लागली. मोडून बघणं, उलटं जाणं, दुसऱ्याला सांगून बघणं. मग मी विचारायची, हेच इतिहासात कुठे वापरता येईल? भूगोलात? कधी जमायचं, कधी हसण्यावारी जायचं.

या सगळ्यात दोन मुली तोंड उघडत नव्हत्या.

एक कामोठ्याहून यायची. तिथे तेव्हा गावच होतं, भातशेतीचं. ती चालत यायची. वर्षाच्या सुरुवातीला ती वर्गात 'मला'ऐवजी आपल्या गावच्या बोलीत "मना नाय येत" म्हणाली होती आणि अर्धा वर्ग फिस्कन हसला होता. त्यानंतर ती विचारलं तरी मानेनंच उत्तर द्यायची. बीजगणितात कायम काठावर, बहुतेकदा काठाच्या अलीकडे.

दुसरी वर्गात पहिली येणारी. वडील लोखंड बाजारातल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मॅनेजर होते. ती कुठलाही धडा स्वल्पविरामासकट म्हणून दाखवायची. "तू कशी शिकतेस?" असं मी तिला विचारलं की तिचा चेहरा पांढरा पडायचा. उत्तर पुस्तकात नव्हतं ना.

सहामाहीच्या आधीच्या शनिवारी मी जोड्या लावल्या. एकीनं आपली शिकण्याची रीत सांगायची, दुसरीनं ऐकून ती वर्गाला सांगायची. या दोघींना मी मुद्दाम एकत्र बसवलं, एकमेकींची भीड चेपेल म्हणून. दोघी बराच वेळ डोकं खाली घालून बसल्या होत्या. नंतर कामोठ्याची मुलगी हळू काहीतरी बोलताना दिसली. त्यांची पाळी यायच्या आत घंटा झाली.

मग परीक्षा आली, दिवाळी आली.

सुट्टी संपून शाळा भरली त्याच आठवड्यात गणिताचे सर शिक्षकखोलीत माझ्यासमोर दोन पेपर घेऊन बसले. सर ज्येष्ठ होते आणि कडक होते. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं इंजिनियर झाली होती.

"हे बघा तुमच्या वर्गाचे प्रताप."

उदाहरण साधं होतं. एका तळावर सायकली आणि तीन चाकी रिक्षा मिळून वीस वाहनं, चाकं सत्तेचाळीस, तर सायकली किती आणि रिक्षा किती. सरांनी क्ष आणि य धरून समीकरणं मांडायला शिकवलं होतं. या दोन पेपरांत 'क्ष' नव्हता आणि 'य'ही नव्हता. दोन्हीकडे लिहिलं होतं, सगळ्या सायकलीच धरल्या तर चाळीस चाकं, सात कमी पडली, म्हणून सात रिक्षा. 'कमी पडली' हे शब्दसुद्धा तेच.

एक पेपर पहिल्या नंबरच्या मुलीचा. दुसरा कामोठ्याच्या मुलीचा. परीक्षेत दोघी शेजारच्या बाकांवर होत्या.

"हिला कुठल्यातरी क्लासमध्ये ही युक्ती शिकवली असणार," सर म्हणाले. "आणि तिनं मान वाकडी करून उतरवली. बाकीचा पेपर बघा तिचा. कोरा."

"सर, उलटंही असू शकतं."

"मॅडम," सर शांतपणे म्हणाले, "तुम्ही शनिवारी त्यांना सांगता, दुसऱ्याकडून शिका. मुलं शिकली. कॉपीला चांगलं नाव दिलंत तुम्ही."

मी काही बोलायच्या आत ते पेपर घेऊन मोठ्या बाईंकडे गेलेही होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला ऑफिसात बोलावणं आलं. मोठ्या बाई खुर्चीत होत्या, सर खिडकीपाशी. समोर कामोठ्याची मुलगी आणि तिची आई उभ्या होत्या. मोठ्या बाईंनी बसा म्हटलं होतं, तरी आई बसली नव्हती. शेतातून तशीच आली असावी. पदर खोचलेला, पायाला चिखल वाळलेला.

"मना लिवता वाचता नाय येत, बाय," ती म्हणाली. "पोरीनं चोरी केली हाय का, तेवरं सांगा. तिचा बापूस बोलतो, शालेतून असं नाव आलं तं घरी बसवीन. दोगी मोठ्या सातवीनंतर बसल्याच हायत."

मुलगी जमिनीकडे बघत होती. कॉपी सिद्ध झाली तर विषय रद्द करायचा, हा शाळेचा नियम होता. पण त्या खोलीत खरा प्रश्न विषयाचा उरला नव्हता, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

"केलंस का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

मुलीनं मान हलवली, नाही.

"मग हे कुठून आलं?"



सर पुढे आले. "सोपं आहे. दुसरं उदाहरण देतो. स्वतःचं असेल तर सोडवेल." त्यांनी कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं. तीन पायांची स्टुलं आणि चार पायांच्या खुर्च्या मिळून पंधरा. पाय बावन्न. स्टुलं किती, खुर्च्या किती?

मुलीनं पेन्सिल घेतली. ती कागदाला टेकली आणि तिथेच राहिली. बाहेरून ट्रेलर गेला, टेबलावरची काच किणकिणली. पेन्सिलीखाली एक काळा ठिपका मोठा होत गेला. आई एकदा मुलीकडे बघत होती, एकदा सरांकडे. सरांनी घड्याळ पाहिलं.

"झालं," ते म्हणाले.

माझ्या तोंडून निघून गेलं, "लिहू नकोस. तू काय करतेस ते बोल."

"बाई, इथे तास घेऊ नका," मोठ्या बाई म्हणाल्या.

"एक मिनिट, बाई. फक्त बोलू दे तिला." मी मुलीकडे वळले. "आईला सांग. घरी सांगतेस तसं. आम्ही नाही आहोत इथे."

ती आईकडे वळली. सुरुवातीला नुसते ओठ हलले.

"पयलं सगली स्टुलंच हायत असं धरतंय," ती म्हणाली. "खोटंच धरतंय. मना ठावं हाय खोटं हाय."

"मग?" आईनं विचारलं. तिला काही कळत नव्हतं, पण पोर बोलतेय एवढं कळत होतं.

"पंधरा स्टुलं, पंचेचालीस पाय. सर बोलले बावन. म्हंजी सात पाय कमी परले. खुर्चीला एक पाय जास्ती असतो. म्हंजी सात स्टुलं खोटी. त्या खुर्च्या हायत." ती थांबली. मग कुणी न विचारताच पुढे म्हणाली, "आता सगल्या खुर्च्या धरतंय. साठ पाय. आठ जास्ती झाले. म्हंजी आठ स्टुलं. आठ नि सात पंधरा. दोनी बाजूनं आलं म्हंजी खरं."

सर कागदाकडे बघत होते, त्यावर तो एक ठिपका सोडून काही नव्हतं.

"दोन्ही बाजूनं का करतेस?" त्यांनी विचारलं. आवाज मघाचा नव्हता.

"मी लय चुकतंय, सर. म्हून."

"आणि क्ष का नाही धरत?"

"क्ष म्हंजी कोन ते मना कलत नाय. स्टूल कलतं."

मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर हसू येऊन गेलं. मला वाटलं, संपलं. पण सरांनी मान हलवली.

"येतं तिला, कबूल. पण ते परीक्षेच्या आधीपासून येत होतं, की त्या पेपरात बघून कळलं? सुट्टीत बसून घोटून घेतलं असेल. त्या दुसऱ्या मुलीला बोलवा."

ती आली. कडक इस्त्रीचा गणवेश, दोन घट्ट वेण्या. सरांनी तिचा पेपर पुढे केला. "ही रीत तुला कोणी शिकवली?"

तिनं पेपर बघितला, मग कामोठ्याच्या मुलीकडे बघितलं. ती तिच्याकडेच बघत होती.

"बाबांनी," ती म्हणाली.

कामोठ्याच्या मुलीनं डोळे मिटले. तिच्या आईनं मात्र लेकीच्या दंडाला असं धरलं की मला वाटलं, आता हिला इथूनच ओढत नेणार.

मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्या हिच्या वडिलांना बोलवा. तोवर निकाल नाही. तुम्हीही या," असं त्या आईला म्हणाल्या. "तिला घरी बसवू नका. उद्या पाठवा."

"उद्यापर्यंत," आई म्हणाली. एवढंच.

त्या रात्री मी जेवले नाही. त्या शनिवारी त्या दोघींना शेजारी मी बसवलं होतं, आणि त्या काय बोलल्या ते मला माहीत नव्हतं. मला फक्त त्या दिवशीचे हलणारे ओठ आठवत होते. कुणाचे आधी हलले, एवढं मी छातीठोक सांगू शकत होते. पण त्याला पुरावा कोण म्हणणार? आणि सर खरे निघाले तर? हाही विचार आला, तो मी ढकलू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब आले ते खुशीत. मुलीचं काही कौतुक असेल असं त्यांना वाटलं होतं. मोठ्या बाईंनी त्यांना फक्त एवढंच विचारलं, "मुलीला गणिताच्या वेगळ्या रीती घरी तुम्ही शिकवता?"

"म्हणजे काय! घरी अभ्यास मीच घेतो," ते म्हणाले. "रात्री ऑफिसातून कितीही दमून आलो तरी. एकदा पाठ झाल्याशिवाय झोपू देत नाही."

"आणि ही?" सरांनी पेपर दाखवला.

त्यांनी नुसती नजर टाकली. "हो, हीसुद्धा."

कोपऱ्यात कामोठ्याच्या मायलेकी उभ्या होत्या. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, निघण्यापूर्वी करतात तसा. मी पहिल्या नंबरच्या मुलीकडे बघत होते. तिनं दोन्ही हातांनी वेण्यांची टोकं धरली होती आणि तिची बोटं पांढरी झाली होती.

मी तिला म्हटलं, "बाबांनी शिकवलं तेव्हा पहिल्यांदा काय धरायला सांगितलं, ते सांगशील?"

"मॅडम, तिची तपासणी चाललीय का?" वडील म्हणाले.

"बाबा, तुम्ही नाही शिकवलं," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की वडिलांना तो ऐकूच गेला नाही. ती पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्यानं. "तुम्ही नाही. हिनं शिकवलं. शनिवारी."

"काय बोलतेस?"

"मला पेपरात काहीच आठवत नव्हतं. समीकरणं पाठ होती, सगळी, सकाळी म्हटली होती. पेपर हातात आला आणि पाटी कोरी. एक ओळसुद्धा येईना." ती आता भराभर बोलत होती, श्वास न घेता. "मला वाटलं मी मरणार. मग हिनं सांगितलेलं आठवलं. ती म्हणाली होती, काही कळलं नाही ना, की मी आधी काहीतरी खोटं धरते, मग ते किती खोटं आहे ते बघते. ते पाठ केलं नव्हतं मी. तरी आलं. ती कोंबड्या आणि शेळ्या म्हणाली होती, मी सायकली धरल्या."

वडिलांचा हात उठला. मोठ्या बाई खुर्चीतून अशा उभ्या राहिल्या की खुर्ची मागे भिंतीवर आपटली.

"साहेब, माझ्या शाळेत नाही."

हात खाली आला. त्यांनी तो खिशात घातला, रुमाल काढला, कपाळ पुसलं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण ते एकदम म्हातारे दिसले. रोज रात्री दमून येऊन मुलीसमोर बसणारा माणूस तो.

"काल का नाही सांगितलंस?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"सगळे म्हणाले असते, हिला काही येत नाही. नुसतं पाठ करते." ती रडू लागली. "आणि ते खरंच आहे, बाई. मला नुसतं पाठच करता येतं. ते संपलं की पुढे काहीच नाही."

वर्गात मी कितीदा तिला विचारलं होतं, तू कशी शिकतेस. तिनं दिलेलं हे पहिलं उत्तर, आणि ते अचूक होतं.

सरांनी दोन्ही पेपर घेतले, तिथेच उभ्या उभ्या दोन्हींवर पूर्ण गुण लिहिले. खाली लाल शाईत 'समीकरण मांडावे' असंही लिहायला ते विसरले नाहीत. मग कामोठ्याच्या आईकडे वळून म्हणाले, "चोरी नाही केली पोरीनं." माफी वगैरे मागितली नाही. पण हात जोडले.

आईनं मान डोलावली. बाहेर व्हरांड्यात ती लेकीला काहीतरी बोलली, आणि मुलगी वर्गाकडे पळाली. आई एकटीच फाटकातून गेली. घाईत होती, कापणी अर्धी टाकून आली असणार.

शनिवारचा तास बंद झाला. मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, पालकांत चर्चा झालीय, पुढच्या वर्षी बघू. मी वाद घातला नाही. नेमणूक तात्पुरती असली की माणूस वाद गिळायला शिकतो.

दोघी मुली काही मैत्रिणी झाल्या नाहीत. कामोठ्याची मुलगी तिच्याकडे बघतही नसे. मला वाटायचं, एकदा तरी दोघींनी बोलावं. पण त्या दिवशीची 'बाबांनी' ही एका शब्दाची साक्ष कामोठ्याच्या मुलीच्या किती आरपार गेली होती, हे मला कुठून कळणार? तिनं ते कधी शब्दांत सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वर्गात मात्र ती बोलू लागली. "मना" म्हणाली की अजूनही एखादा हसायचा. ती त्याच्याकडे वळून वाक्य पुन्हा म्हणायची, तसंच.

एकदा मी त्यांच्या वर्गावरून जात होते. सर बीजगणित शिकवत होते. फळ्यावर क्ष आणि य नीट मांडलेले. उत्तर आल्यावर ते खडू ठेवून थांबले आणि नाइलाज झाल्यासारखे म्हणाले, "कुणी दुसऱ्या रीतीनं केलंय का?" कामोठ्याच्या मुलीचा हात वर होता. तिचं त्या दिवशी चुकलेलं होतं. सरांनी कुठे चुकलं ते तिलाच शोधायला लावलं, तास संपून गेला तरी.

पहिल्या नंबरची मुलगी डिसेंबरात एका मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दाराशी आली. डबा हातातच होता.

"बाई, विसरल्यावर काय करायचं?"

मी तिला आत घेतलं. इतिहासाचं पान उघडून मी त्यावर हात ठेवला. "शब्द नकोत. काय झालं ते तुझ्या भाषेत सांग." तिनं तोंड उघडलं आणि पुस्तकातलंच पहिलं वाक्य सुरू केलं. मी थांबवलं. तिनं पुन्हा तेच सुरू केलं. मी पुन्हा थांबवलं. त्या दिवशी आम्ही एका परिच्छेदाच्या पुढे गेलो नाही, आणि ती डबा न उघडताच वर्गात गेली.

दुसऱ्या दिवशी ती येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली. आठवडाभर जवळजवळ रोज येत राहिली. एकदा अडखळत, वाक्य तोडत, चुकीचे शब्द वापरत तिनं एक अख्खा प्रसंग सांगितला आणि मध्येच थांबून म्हणाली, "बाई, हे पुस्तकात असं नाहीये. मी केलंय."

त्या वार्षिक परीक्षेत ती तिसरी आली. निकालाच्या दिवशी वडील मला फाटकाशी भेटले, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण नुसते "नमस्कार" म्हणून पुढे गेले. मुलगी त्यांच्या मागून चालली होती. माझ्याजवळ आल्यावर ती क्षणभर थांबली आणि हळूच म्हणाली, "या वेळी एकदाही कोरं झालं नाही." मग वडिलांना गाठायला धावली.